खोटं बोलायची तालीम: 'अर्नेस्ट' कसं बसवावं

ऑस्कर वाइल्डचं 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' मी आजवर तीनदा बसवलं. तिन्ही वेळा सांगलीत, हौशी मुलामुलींना घेऊन, मराठीत. तालमी किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर एका लांबट खोलीत. पहिला प्रयोग पडला. लोक उठून गेले नाहीत, पण हसलेही नाहीत. पहिल्या अंकात दोनदा हशा आला आणि नंतर सभागृहात फक्त पंख्यांचा आवाज. मी विंगेत उभी होते, हातात सँडविचची रिकामी ताटली, आणि मला कळेना की सव्वाशे वर्षं लोकांना हसवणारं नाटक आमच्या हातात असं गार का पडलं.

उत्तर आमच्या प्रॉम्प्टरनं दिलं. आबांनी आयुष्यभर विंगेतल्या अंधारात वही सांभाळलेली. वही मिटत ते म्हणाले, "ताई, ही पोरं खोटं बोलाय लागल्यात हे आम्हाला पहिल्या पाच मिनटात कळलंय. मग दर वाक्याला डोळं मिचकावून परत कशाला सांगाय लागल्यात?"

खरं होतं, आणि तसं मीच शिकवलं होतं. थाप मारताना भुवई उचल, प्रेक्षकांकडे बघ, जीभ चाव. खाली जे लिहितेय ते सगळं आबांच्या त्या वाक्यातून निघालंय. या नाटकात खोटं बोलणारा माणूस जितक्या मनापासून बोलेल तितकं नाटक चढतं. ज्यांना ते पूर्ण बसवायचंय, किंवा स्पर्धेसाठी एखादा प्रवेश करायचाय, त्यांच्यासाठी हे लिहिलंय.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. जॅक वर्दिंग हा हर्टफर्डशरमधल्या खेडेगावात राहणारा सभ्य, जबाबदार माणूस. सेसिली नावाच्या अठरा वर्षांच्या मुलीचा पालक. लंडनला जायला निमित्त हवं म्हणून त्यानं एक उनाड धाकटा भाऊ कल्पनेतून उभा केलाय, त्याचं नाव अर्नेस्ट. गावात सांगायचं, अर्नेस्टनं पुन्हा काहीतरी घोळ घातला, मला जायला हवं. आणि लंडनमध्ये पोचला की हा स्वतःच अर्नेस्ट. त्याचा मित्र अल्जर्नन उलट्या दिशेचा. त्यानं खेड्यात राहणारा एक कायमचा आजारी मित्र तयार केलाय, बनबरी. मावशीकडच्या कंटाळवाण्या जेवणाचं आमंत्रण आलं की बनबरीची तब्येत बिघडते. अल्जर्ननची मावसबहीण ग्वेंडोलेन जॅकवर प्रेम करते ते तो अर्नेस्ट आहे म्हणून. सेसिलीही कधी न पाहिलेल्या अर्नेस्टवर प्रेम करून बसलीय. मग अल्जर्नन 'अर्नेस्ट' बनून जॅकच्या घरी येऊन थडकतो. इथून पुढं काय होईल ते तुम्हाला दिसतंयच.

तालमीच्या पहिल्या दिवशी संवाद वाचू नका. भिंतीवर ड्रॉइंगचा मोठा कागद चिकटवा. डाव्या बाजूला एकाखाली एक पात्रांची नावं लिहा, नोकरांचीसुद्धा. प्रत्येकापुढं तीन प्रश्न. जॅकला हा कोणत्या नावानं ओळखतो? अल्जर्ननला कोणत्या नावानं? आणि अर्नेस्ट नावाचा माणूस या क्षणी कुठं आहे असं याला वाटतं? पेननं लिहू नका, पेन्सिलनं लिहा, कारण दर एन्ट्रीला खोडायचंय. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर आमचा कागद असा दिसत होता: सेसिलीच्या लेखी अर्नेस्ट तिच्याबरोबर घरात आहे. सेसिलीची शिक्षिका मिस प्रिझम आणि गावचा धर्मगुरू डॉक्टर चॅझुबल यांच्या लेखी तो नुकताच पॅरिसमध्ये वारलाय. ग्वेंडोलेनच्या लेखी तो लंडनचा तिचा वाग्दत्त वर. अल्जर्ननच्या लेखी तो स्वतः. आणि जॅकच्या लेखी असा कुणी माणूसच नाही, कधी नव्हता.

हा कागद कशाला? कारण नटाला पूर्ण नाटक माहीत असतं आणि ते माहीत असणं त्याच्या चेहऱ्यावर येतं. आमची ग्वेंडोलेन बागेत शिरताक्षणी सेसिलीकडे संशयानं बघायची. मी विचारलं, का गं? म्हणाली, "ही पुढं भांडणार आहे ना माझ्याशी." मी तिला कागदापाशी नेलं. तुझ्या रकान्यात काय लिहिलंय? सेसिली कोण आहे हे तुला ठाऊकच नाही. मग जा आणि मैत्रीण मिळाल्यासारखी भेट. मूळ संहितेतही ती तसंच करते, पहिल्या मिनिटात जीव ओवाळून टाकते. ती जितकी गोड भेटेल तितकी पुढची पडझड मोठी.

दोघे थापाडे एकसारखे करू नका. पहिल्यांदा बसवताना ही माझी सगळ्यात मोठी चूक होती. जॅक थाप मारतो तो दमलेला आहे म्हणून. पालक झाला की माणसानं सतत नैतिक सुरात बोलायचं, आणि ते त्याला पेलत नाही. त्याची थाप म्हणजे जबाबदारीतून घेतलेली रजा. अल्जर्नन मात्र थाप चवीनं मारतो, खातो तशीच. म्हणून जॅक खोटं बोलताना ताठ होतो, बटणं चाचपतो, नीट वाक्य जुळवतो. अल्जर्नन खोटं बोलताना आणखी आरामात बसतो. एवढा एक फरक नटांच्या अंगात मुरला की दोघांना वेगळे आवाज काढायची गरज उरत नाही. लंडनचा जॅक आणि गावचा जॅक यांतही चालणं-बोलणं बदलू नका. तो एकच माणूस आहे, फक्त गावात त्याचा श्वास अडकलेला असतो.

आपल्याकडे या कामात एक मोठा अडथळा येतो, तो म्हणजे 'मोरूची मावशी' आपल्या अंगात भिनलेली आहे. आचार्य अत्र्यांनी ते ब्रँडन थॉमसच्या 'चार्लीज आंट'वरून केलं, आणि ते मूळ नाटकही व्हिक्टोरियन इंग्लंडचंच, १८९२ सालचं. तिथं फसवणूक अंगावर नेसलेली आहे. पदर सावरताना, आवाज फुटताना हशा येतो, आणि तो यायलाच हवा. 'अर्नेस्ट'मध्ये नेसण्यासारखं काही नाही. फसवणूक आहे ती एका नावात आणि एका पत्त्यात. त्यामुळे मावशीचं अंग इथं आणलंत की नट धावपळ करतो, आणि प्रेक्षकाला वाक्यं ऐकूच येत नाहीत. मावशीवर माझं मनापासून प्रेम आहे. पण या तालमीच्या दाराबाहेर तिला थांबवा.

आता पहिला सराव. मी नव्या मुलांना जॅक-अल्जर्ननचे संवाद देतच नाही, त्यांना लेनची एक थाप देते. लेन हा अल्जर्ननचा नोकर. लेडी ब्रॅकनेल, म्हणजे अल्जर्ननची मावशी आणि ग्वेंडोलेनची आई, यायची म्हणून त्यानं काकडीची सँडविचेस केलीत आणि गप्पा मारता मारता अल्जर्ननंच ती सगळी खाल्लीत. मावशी येऊन बसते, सँडविच मागते. अल्जर्नन रिकामी ताटली उचलतो आणि दचकून विचारतो, लेन, काकडीची सँडविचेस का नाहीत? लेन शांतपणे सांगतो की आज बाजारात काकडीच नव्हती, दोनदा जाऊन आलो. रोख पैसे देऊनसुद्धा नाही.

हे बोलताना लेननं काय करायचं? काहीही नाही. मालकाकडे बघायचं नाही, मावशीकडे थेट बघायचं नाही, आवाज चढवायचा नाही. ज्या सुरात तो "चहा तयार आहे" म्हणेल त्याच सुरात. मी मुलांना सांगते, काकडी खरंच मिळाली नाही असं समज. तू बाजारात उन्हातनं दोनदा गेलास. पायात धूळ आहे. त्या 'दोनदा'मध्ये सगळं आहे, कारण थापेला तपशील लागतो आणि चांगला नोकर तपशिलाला पक्का असतो. आमच्या तिसऱ्या प्रयोगात लेन करणारा मुलगा पॉलिटेक्निकचा, आयुष्यात पहिल्यांदा मंचावर उभा राहिलेला. त्यानं ते वाक्य असं सांगितलं की सभागृह हसलं आणि मग टाळी वाजवली. पूर्ण नाटकाची गुरुकिल्ली त्या वाक्यात आहे. ज्या मुलाला ते जमतं त्याला पुढं काहीही देता येतं.

सँडविचेस खरीच ठेवा. थर्माकोलची नकोत. पांढऱ्या ब्रेडच्या कडा कापायच्या, पातळ लोणी, काकडीच्या चकत्यांना मीठ लावून पाणी काढून टाकायचं आणि त्रिकोणी कापायचं. पुदिन्याची चटणी लावू नका, हिरवा रंग लांबून वेगळंच काहीतरी दिसतो. आणि अल्जर्ननला पहिल्या तालमीपासून खाऊनच संवाद म्हणायला लावा. आम्ही नऊ तुकडे ठरवले होते, प्रत्येक तुकडा कोणत्या वाक्यानंतर ते वहीत लिहिलेलं. रंगीत तालमीला पहिल्यांदा खायला दिलं तर ठसका लागतोच. जॅक हात पुढं करतो तेव्हा अल्जर्नन त्याला अडवतो, ही मावशीसाठी आहेत म्हणतो, आणि स्वतः उचलतो. इथं नटाला खरोखर मावशीची काळजी वाटली पाहिजे.

सिगारेट केसचा प्रवेश मी सगळ्यात जास्त दिवस घासते. जॅक मागच्या खेपेला विसरून गेलेली केस अल्जर्ननच्या हाती लागलीय आणि आत कोरलंय की छोट्या सेसिलीकडून लाडक्या जॅककाकांना प्रेमपूर्वक. जॅक आधी सांगतो की सेसिली म्हणजे माझी मावशी. मग मावशी भाच्याला काका का म्हणेल, हा प्रश्न येतो. इथं जॅकच्या तीन पायऱ्या आहेत आणि तिन्हींचा वेग वेगळा हवा. मावशीची थाप भराभर, कारण ती सुचेल तशी मारलीय. ती कोसळल्यावर आडवळणं घेत केस परत मागणं, अडखळत. आणि शेवटी खरं सांगतो ते सगळ्यात सावकाश, कारण खरं बोलायची त्याला सवय नाही. केस हातात राहते अल्जर्ननच्या, म्हणून सगळी ताकद त्याच्याकडे. त्याला खोलीभर पळवू नका. एक टेबल मध्ये ठेवा, पुरे. केससाठी चपटा धातूचा कुठलाही डबा चालतो, फक्त उघडताना 'टक्' असा आवाज आला पाहिजे. मागच्या रांगेला कोरलेली अक्षरं दिसणार नाहीत, आवाज ऐकू येईल.

लेडी ब्रॅकनेल करणारी प्रत्येक मुलगी हँडबॅगच्या वाक्याला घाबरते. १९५२च्या चित्रपटात इडिथ इव्हान्सनं तो एक शब्द असा ताणला की तेव्हापासून सगळ्यांच्या कानात तोच बसलाय. माझा सल्ला, तो चित्रपट प्रयोग होईपर्यंत दाखवू नका. त्याऐवजी तिला आपल्या घरातली स्थळाची चौकशी आठवायला सांगा. ही बाई वही-पेन्सिल घेऊन बसलीय. वय किती, उत्पन्न किती, घर कुठल्या रस्त्यावर, आईवडील आहेत का. आमच्या एका मुलीनं तिची आत्या स्थळांचे फोन घेताना कशी बोलते ते करून दाखवलं आणि लेडी ब्रॅकनेल तिथल्या तिथं सापडली. शांत, व्यवहारी, कणभरही आरडाओरडा नाही. जॅक सांगतो की मी व्हिक्टोरिया स्टेशनच्या सामानघरात एका हँडबॅगेत सापडलो. तिचा धक्का हिशेबाचा आहे. वहीत या उत्तरासाठी रकानाच नाही.

आणि तिचं पुढचं बोलणं नीट ऐकवा. ती त्याला सांगते की लंडनचा मेजवान्या-समारंभांचा हंगाम संपण्याआधी कसाही करून एक तरी पालक मिळवून दाखव. खरा शोध, असं ती म्हणत नाही. दाखव, एवढंच. मला वाटतं हे नाटक दुहेरी आयुष्याबद्दल सगळ्यात खरं बोलतं ते इथं. तिसऱ्या अंकात ती स्वतःच कबूल करते की लॉर्ड ब्रॅकनेलशी लग्न केलं तेव्हा माझ्याकडे फुटकी कवडी नव्हती. ती कधीच थाप मारत नाही. पण तिच्या दिवाणखान्यात शिरायचं तर दुसऱ्याला मारावी लागते. ही जाणीव त्या मुलीला असली की तिचा अभिनय आपोआप खोल होतो.

भाषांतराचा प्रश्न तुम्हाला पडेलच. इंग्रजीत अर्नेस्ट हे नाव आणि 'मनापासून, गांभीर्यानं वागणारा' हा अर्थ उच्चारात एकच. मराठीत ते होत नाही. लोक म्हणतात नावं बदला, सत्यवान करा. मी प्रयत्न करून पाहिला आणि सोडून दिला. दोघे तरुण नाव बदलण्यासाठी त्या धर्मगुरूकडे बाप्तिस्म्याची वेळ ठरवतात, एक साडेपाचची, दुसरा पावणेसहाची. सत्यवान केलं की हा सगळा भाग लंगडा होतो. माणसं लंडनचीच राहू द्या, नावंही तीच. फक्त पहिल्या अंकात ग्वेंडोलेन 'अर्नेस्ट या नावानं विश्वास वाटतो' असं म्हणते तिथं अर्धं वाक्य जोडा: नावाचा अर्थच मुळी खऱ्या मनाचा. आम्ही ते दोन ठिकाणी पेरलं, दुसऱ्या अंकात सेसिलीच्या तोंडी. शेवटच्या वाक्याला लोकांना बरोब्बर आठवतं.

आता जॅकचा सुतकी प्रवेश. व्हिक्टोरियन विनोदात याच्याइतकी सुरेख जुळवणी मी दुसरी पाहिलेली नाही, आणि मराठी मंचावर ती सगळ्यात सहज फसते. घडतं असं. अल्जर्नन अर्नेस्ट म्हणून आलाय आणि सेसिलीबरोबर घरात गेलाय. हे आपल्याला माहीत आहे. जॅकला माहीत नाही. त्यानं ठरवलंय की अर्नेस्टला आता मारून टाकायचं. म्हणून बागेच्या मागच्या बाजूनं तो सावकाश येतो, नखशिखांत काळ्या कपड्यात, हॅटला काळ्या क्रेपची पट्टी, हातात काळे मोजे. एक शब्द न बोलता प्रेक्षकाला सगळं कळतं. इंग्रज प्रेक्षकाला.

कारण आपल्याकडे सुतकाचा रंग काळा नाही. पहिल्या प्रयोगात आम्ही जॅकला ओळखीच्या वकिलांचा काळा कोट घातला, आणि तो मंचावर आल्यावर तिसऱ्या रांगेतल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "कोर्टात गेलता वाटतं." मी ते विंगेत ऐकलं. व्हिक्टोरिया राणीनं १८६१ साली नवरा गेल्यापासून मरेपर्यंत काळंच घातलं, आणि तिच्या राज्यात सुतकाच्या कपड्यांचे काटेकोर नियम होते, हे आपल्या प्रेक्षकाला कुणी सांगायचं? व्याख्यान देता येत नाही. मग आम्ही तीन गोष्टी केल्या. पहिल्या अंकात जॅकला फिकट राखाडी कोट दिला, म्हणजे काळा वेगळा उठून दिसेल. हातात काळ्या काठाचा पांढरा रुमाल दिला, तो लांबूनही कळतो. आणि महत्त्वाचं म्हणजे जॅकच्या आधी इतरांना काम दिलं. मिस प्रिझम त्याला बघते आणि तिचा हात छातीवर जातो. चॅझुबल चालता चालता थांबतो, हॅट काढतो, मान खाली घालतो. मरण झालंय हे प्रेक्षक त्यांच्याकडून वाचतो.

मग जॅकला घाई करू देऊ नका. आमच्या मंचावर मागच्या विंगेपासून बागेतल्या बाकापर्यंत अकरा पावलं भरायची. मी त्याला अकराच्या अकरा घ्यायला लावली, संवाद नाही, संगीत नाही. चौथ्या पावलाला हशा सुरू झाला, सातव्याला वाढला आणि अकराव्याला तो बाकाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला तेव्हा आबा वहीत बघायचं विसरले होते. त्या अकरा पावलांत मुलानं खरोखर भाऊ गमावल्यासारखं चालायचं. मी त्याला विचारलं होतं, तुझ्या घरी कुणी गेलं तेव्हा वडील दारातून आत कसे आले? तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग तसाच चालला. हे वापरताना हळुवार राहा, मुलाला चालणार नसेल तर सोडून द्या.

चहाच्या प्रवेशात दोघी मुलींना कळतं की दोघींचंही लग्न अर्नेस्ट वर्दिंगशी ठरलंय. भांडण पेटतं, तेवढ्यात नोकर चहाचं सामान घेऊन येतो आणि दोघींना सभ्य व्हावं लागतं. हा प्रवेश ओरडून करतात, तिथंच तो मरतो. नियम साधा ठेवा: राग एक पायरी चढला की आवाज एक पायरी उतरवायचा. ग्वेंडोलेन साखर नको म्हणते, सेसिली चिमट्यानं चार खडे टाकते. साखरेचे चौकोनी खडे मोठ्या दुकानात मिळतात, आणि कप चिनी मातीचाच हवा, कारण हा प्रवेश ऐकायचा आहे. एक. दोन. तिसऱ्यानंतर सेसिलीनं क्षणभर थांबायचं, आता संपलं असं वाटू द्यायचं. मग चौथा. ग्वेंडोलेननं कपाकडे बघायचं नाही, सेसिलीच्या डोळ्यांकडे बघायचं. पुढं ती ब्रेड-बटर मागते आणि ताटलीत केकचा जाडजूड तुकडा येतो. नोकराचं काम करणाऱ्याला सांगा, तुझ्याकडे संवाद जेमतेम असला तरी हा प्रवेश तुझाच. तू उभा आहेस म्हणून त्या हसतायत.

सेसिलीला भोळी करू नका. या घरातली सगळ्यात मोठी कल्पक थापाडी तीच आहे. अर्नेस्टला भेटण्याआधीच तिनं डायरीत त्याच्याशी लग्न ठरवलंय, मोडलंय, परत जुळवलंय आणि त्याच्या नावानं स्वतःलाच पत्रं लिहिलीत. अल्जर्नन फसवायला येतो आणि बघतो तर त्याची जागा तीन महिन्यांपासून तयार. डायरी वाचताना तिनं लाजायचं नाही. मिळकतीची नोंद दाखवावी तशी दाखवायची. तिच्या डायरीतली लग्न ठरल्याची तारीख १४ फेब्रुवारी आहे, आणि नाटकाचा पहिला प्रयोगही १४ फेब्रुवारीलाच झाला. ती तारीख उच्चारताना जरा ठळक उच्चारा.

तिसऱ्या अंकाबद्दल फार सांगत नाही, तो वेगानं पळतो आणि पळूच द्यावा. फक्त हँडबॅगेवर मेहनत घ्या. तान्ह्या जॅकला चुकून त्या बॅगेत ठेवणारी मिस प्रिझमच होती, आणि ती बॅग खुणांवरून ओळखते, ऑम्निबसच्या अपघातातला ओरखडा, पेय सांडल्याचा डाग, कुलपावरची आद्याक्षरं. त्या खुणा बॅगेवर खरंच करा. अठ्ठावीस वर्षं लपवलेली चूक हातात परत आलेल्या बाईला बोट ठेवायला खरी जागा लागते. आमच्या मिस प्रिझमचं बोट त्या डागावर थरथरलं तेव्हा कुणी हसलं नाही, आणि मला तेच हवं होतं. मग जॅक सैन्याच्या याद्यांतून वडिलांचं नाव शोधतो आणि कळतं की तो खरंच अर्नेस्ट आहे, त्याला खरंच धाकटा भाऊ आहे, आणि तो भाऊ समोर उभा असलेला अल्जर्नन. पानं उलटताना त्यानं जनरलच्या नावावर बोट ठेवून थांबावं. तिथं आनंद नको. आयुष्यभर थापा मारल्या आणि त्या सगळ्या खऱ्या निघाल्या, या बातमीनं माणूस आधी घाबरेल.

आणखी एक दिवस राखून ठेवा. रंगीत तालमीच्या आधीच्या आठवड्यात मी एक संध्याकाळ तालीम घेत नाही. सगळ्यांना खाली सतरंजीवर बसवते आणि वाइल्डचं सांगते. नाटक त्यानं १८९४च्या उन्हाळ्यात वर्दिंग या समुद्रकाठच्या गावी बायकोमुलांबरोबर असताना लिहिलं, नायकाचं आडनाव तिथलंच. घरी पत्नी कॉन्स्टन्स, दोन मुलगे, आणि दुसरीकडे पुरुषांवरचं त्याचं प्रेम, जे १८८५च्या कायद्यानं गुन्हा होतं. मूळ नाटक चार अंकी होतं. जॉर्ज अलेक्झांडर, सेंट जेम्स थिएटरचा मालक-नट आणि पहिला जॅक, त्यानं ते तीन अंकी करून घेतलं. कापलेल्या भागात एक वकील येतो, सव्हॉय हॉटेलचं थकलेलं बिल वसूल करायला, नाहीतर 'अर्नेस्ट'ला हॉलोवे तुरुंगात न्यायला. १४ फेब्रुवारी १८९५च्या रात्री लंडनमध्ये बर्फ पडत होतं आणि प्रयोग कमालीचा रंगला. चार दिवसांनी त्याच्या मित्राचे वडील, मार्क्वेस ऑफ क्वीन्सबरी, यांनी त्याच्या क्लबात अपमानाचं कार्ड ठेवलं. वाइल्डनं बदनामीचा खटला भरला, तो उलटला, ५ एप्रिलला त्यालाच अटक झाली. खटल्याआधी त्याला ठेवलं ते हॉलोवे तुरुंगात. तरुणांना त्यानं भेट दिलेल्या चांदीच्या सिगारेट केसेसचा न्यायालयात उल्लेख झाला. २५ मेला दोन वर्षांची सक्तमजुरी. सुटल्यावर तो सेबॅस्टियन मेलमॉथ या नावानं फ्रान्समध्ये राहिला आणि १९०० साली पॅरिसमध्ये गेला.

हे ऐकल्यावर खोली गप्प होते. कुणीतरी विचारतंच, मग ताई, बनबरी म्हणजे तेच का? मी सांगते, मंचावर तसं दाखवू नका. इशारे देऊ नका, वाकड्या नजरा टाकू नका. माणसाला आपलं खरं नाव एका गावी ठेवून दुसऱ्या गावी जगावं लागतं, हे नुसतं मनात असू दे. दुसऱ्या दिवशी सिगारेट केसचा प्रवेश ज्या रीतीनं झाला तो मी विसरणार नाही. जॅकनं केस परत मागितली ती हळू आवाजात.

शेवटचं काम पोस्टरचं. अटकेनंतर लंडनमध्ये नाटक सुरूच होतं, पण जाहिरातींवरून आणि पत्रिकांवरून वाइल्डचं नाव काढून टाकलं गेलं. त्या मेमध्ये प्रयोग बंद पडले. १८९९ साली पुस्तक निघालं त्यावरही लेखकाचं नाव नव्हतं, त्याच्या आधीच्या एका नाटकाचा लेखक एवढीच ओळख. तिसऱ्या वेळी आमच्याकडे छापखान्यातून पोस्टर आलं त्यात वर दिग्दर्शक म्हणून माझं नाव ठळक आणि वाइल्डचं तळाशी, बारीक अक्षरात, मूळ लेखक म्हणून. मी परत पाठवलं. पैसे गेले, दोन दिवस गेले. तुम्हीही तसंच करा. त्याचं नाव सगळ्यात वर, नाटकाच्या नावाइतक्याच मोठ्या टायपात छापून घ्या. आणि भिंतीवर चिकटवायला जाणाऱ्या मुलाला बजावून सांगा, जागा कमी पडली तर खालचा भाग दुमड, वरची कड दुमडू नकोस.